रेघेच्या अलीकडे

डिसेंबरातली मंगळवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावाच्या हायस्कूलची जिम. बाहेर बर्फावर बर्फ साठलेला, आणि आत पॉपकॉर्नच्या बटरचा, ओल्या लोकरीचा आणि पॉलिश केलेल्या लाकडी जमिनीचा मिळून झालेला एक वास. इथल्या प्रत्येक शाळेच्या जिमला तो सारखाच येतो. माझी मुलगी दहावीत आहे आणि ज्युनिअर व्हर्सिटीत खेळते, म्हणजे मुख्य संघाच्या आधी जी मॅच होते आणि जिला टाळ्या वाजवायला फक्त आईवडील असतात, त्या संघात. तिची मॅच संपून मोठ्या मुलींची सुरू झाली होती. बुटांची चिरचिर, बँडमधल्या कुणा पोराने मध्येच काढलेला ट्रम्पेटचा बेसूर, पंचाची शिट्टी, पुन्हा चिरचिर. तेवढ्यात आमच्या एका मुलीने आपल्याच बास्केटखाली रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेला चेंडू, पकडला आणि कुणाकडे पास न देता ती एकटीच सुटली. दोघींना झुकांडी देऊन, चेंडू आपटत, अख्खं कोर्ट पार करून तिने ले-अप मारला, म्हणजे बास्केटपाशी उडी घेऊन चेंडू जाळीत टाकला. सगळी जिम उभी राहिली. माझ्या शेजारच्या आजी तेवढ्या उठल्या नाहीत.

या आजी घरच्या मैदानावरची एकही मॅच चुकवत नाहीत. त्यांचं संघात कुणीच नाही. नातवंडं केव्हाच शिकून दूरच्या राज्यांत पांगली. शाळेच्या रंगाची एक चपटी गादी त्या सोबत आणतात, ती तिसऱ्या पायरीवर टाकून बसतात आणि पंचांशी खालच्या आवाजात भांडत राहतात. त्या दिवशी कोर्टावरची नजर न हलवता म्हणाल्या, "आम्हाला ती मधली रेघ ओलांडता यायची नाही." अशा वेळी चुकचुकायचं असतं, तशी मी चुकचुकले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मी गार्ड होते. चार वर्षं खेळले. चार वर्षांत एकही बास्केट मारली नाही." आणि मग पॉपकॉर्नचा डबा माझ्यापुढे धरत, "काय दिवस होते!"

माझी सहानुभूती तशीच हातात राहिली.

घरी येताना मुलगी मागच्या सीटवर बूट काढून, पाय वर घेऊन झोपून गेली आणि मी त्या 'काय दिवस होते'चा विचार करत राहिले. चार वर्षं बास्केटबॉल खेळायचं आणि चेंडू एकदाही जाळीत टाकायचा नाही. टाकायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही, कारण नियमच तसा. आणि पन्नासहून अधिक वर्षांनी ते आठवताना चेहऱ्यावर असं तेज यावं? मला वाटलं होतं त्यात कुठेतरी रुखरुख असेल. निदान थोडा राग. आजींच्या आवाजात यातलं काही म्हणजे काही नव्हतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आयोवात मुलींचं बास्केटबॉल १९९३ पर्यंत निराळंच होतं. एका संघात पाच नाही, सहा मुली. कोर्टाच्या मधोमध रेघ. तीन फॉरवर्ड रेघेच्या एका बाजूला, तीन गार्ड दुसऱ्या बाजूला, आणि मॅच संपेपर्यंत कुणीही रेघ ओलांडायची नाही. चेंडू दोनदाच आपटायचा, तिसऱ्यांदा आपटला की गेला. शॉट मारायचा तो फक्त फॉरवर्डने. गार्डने अडवायचं, रिबाउंड घ्यायचा, चेंडू रेघेपर्यंत आणून पलीकडच्या आपल्या फॉरवर्डच्या हाती द्यायचा आणि मग तिथेच उभं राहून पुढचं बघायचं. गार्डला कुणी धक्का मारला तरी फ्री थ्रो, म्हणजे त्या बदल्यात मिळणारा मोकळा शॉट, मारणार पलीकडची फॉरवर्ड. आजींनी हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं, पण त्या गंभीर होत्या. "म्हणून तर आमच्याकडे बघायला फुरसत असायची," म्हणाल्या. "रेघेवर उभं राहून अर्धी मॅच मी फुकटात बघितली आहे, तीही सगळ्यात पुढच्या जागेवरून."

या खेळाने आयोवातली खेडी वेडी केली होती, हे ऐकून माहीत होतं. पण आजींच्या तोंडून ऐकलं की ते वेड डोळ्यांपुढे उभं राहतं. मार्च महिन्यात डी मॉइनला राज्य स्पर्धा व्हायची, 'द बार्न' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्हेटरन्स मेमोरियल ऑडिटोरियममध्ये. संघ पोचला की गाव रिकामं. दुकानांना कुलपं, गुरांचं काम शेजारच्या गावातल्या कुणावर तरी सोपवलेलं, आणि गाड्यांची रांग लागलेली. १९६८ च्या अंतिम सामन्याला आजी शाळेच्या बसने गेल्या होत्या. त्यांचा संघ आधीच हरून घरी बसलेला, पण तिकिटं होती. युनियन-व्हिटन विरुद्ध एव्हर्ली. बाहेरच्या जगात कुणाला नकाशावर बोट ठेवून दाखवता येणार नाहीत अशी ही गावं. युनियन-व्हिटनकडे डेनिस लाँग आणि एव्हर्लीकडे जेनेट ओल्सन. सामना जादा वेळेत गेला. लाँगने ६४ गुण केले, ओल्सनने ७६. युनियन-व्हिटन ११३-१०७ ने जिंकलं. हे आकडे आजी पाढे म्हणावेत तसे म्हणतात. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, चक्क डेनिस लाँगचं नाव घेतलं. पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये, नुकत्याच शाळा संपवलेल्या खेड्यातल्या मुलीचं. कमिशनरने ती निवड अर्थातच रद्द केली.

मी म्हटलं, म्हणजे डेनिस लाँग तुमची हिरो. आजी म्हणाल्या, "छे! ती सगळ्यांचीच होती." आणि मग थोडं पुढे झुकून, काही गुपित सांगावं तसं, "ओल्सनने ७६ केले ना? तरी ती हरली. तिच्या अंगावर ज्या मुली होत्या त्यांचा विचार कर. समोरची ७६ गुण करते आहे, थांबतच नाही, आणि तुम्ही खचत नाही. एखादा पास तोडता, एखादा रिबाउंड ओढून घेता, आणि त्यावर मॅच जिंकता. त्या मुली बघत होते मी."

हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर एकदम आमच्या शाळेतली ताई आली.

सांगलीत आमच्या शाळेच्या मागे खो-खोचं मैदान होतं. संध्याकाळी पाचला शिपाईमामा झारीने पाणी मारायचे. तापलेल्या मातीवर ते पहिलं पाणी पडलं की जो वास सुटायचा, तो मी अजून कुठल्याही देशात घेतलेला नाही. मग फक्कीने रेघा मारल्या जायच्या. फक्की संपली की राख. मी पाचवीत होते आणि माझं काम पाण्याची कळशी भरून ठेवणं आणि मोठ्या मुलींच्या चपला सांभाळणं. हे काम कुणी मला दिलेलं नव्हतं. मीच मिळवलं होतं, एका मैत्रिणीशी कट्टी घेऊन. मोठ्या मुलींत नववीतली एक ताई होती. काळीसावळी, किडकिडीत, दोन वेण्या लाल रिबिनीने वर बांधलेल्या, गुडघ्यावर कायम एक ओली आणि एक सुकलेली जखम. बाकीच्या वेळी ती वर्गात शेवटच्या बाकावर बसायची म्हणे, बाई तिला सतत रागवायच्या म्हणे. ते मला खरंच वाटायचं नाही.

ताई संरक्षणात उतरली की मैदानाभोवतीची कलकल थांबायची. पळती कशी असावी ते तिच्याकडे बघून कळायचं. मागे लागलेल्या मुलीला ती इतकं जवळ येऊ द्यायची की आपलाच श्वास अडकावा. बोटं पाठीला लागणार, लागलीच, आणि त्याच क्षणी ही दोन बसलेल्या मुलींच्या मधून पलीकडे. मागची बिचारी रेघेच्या अलीकडेच अडकलेली, कारण मधली पाटी तिला ओलांडता येत नाही, उलटं वळता येत नाही. एक तर खो द्यायचा, नाहीतर थेट खांबापर्यंत धावत जायचं. ताई तोवर संथपणे साखळी धरून, म्हणजे बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी, चाललेली. एकेरी साखळी ती अशी खेळायची की जणू पायाखाली मोजपट्टी अंथरली आहे. खांबापाशी मात्र एकदम वेगळी व्हायची. खांबाजवळ माणूस दबकतो, सूर मारून कुणी टिपेल म्हणून लांब राहतो. ही तिथेच रेंगाळायची. समोरच्या मुलीने झेप घेतली की नुसतं अंग मागे घ्यायची, आणि ती मुलगी खांबाला मिठी मारून धुळीत.

आमच्या काळी खो-खोत संरक्षणाला गुण नव्हते. तुम्ही किती वेळ टिकलात एवढंच. गुण गडी बाद करणाऱ्याचा. पण जिल्ह्याच्या स्पर्धेची बातमी पेपरात यायची तेव्हा कंसात वेळ छापलेली असायची. नाव, आणि पुढे २.४० मि. संरक्षण. एवढंच. ती कात्रणं मी जपायचे. ताईच्या नावापुढचे ते कंस मला पाठ होते. आमच्या घरात क्रिकेटचे आकडे बोलले जायचे, भाऊ सगळ्यांचे सरासरी-बिरासरी सांगायचा, आणि मी मनातल्या मनात २.४०, ३.१०, २.५५ म्हणत असायचे. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर भावाने विचारलं असतं, मग गुण किती मिळाले?

त्याच सुमाराची गोष्ट. १९८४ च्या ऑगस्टमध्ये पी. टी. उषाचं लॉस एंजेलिसचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत, तिची वेळ ५५.४२ आणि तिसरी आलेल्या रुमानियाच्या मुलीची ५५.४१. आमच्याकडे टीव्ही नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेपरात आलेला तिचा फोटो मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, भाताच्या शितांनी. पावसाळ्यात त्याला बुरशी आली तरी आईने काढला नाही. पीटीच्या सरांनी त्या आठवड्यात सगळ्या शाळेला मैदानात उभं करून छाती पुढे टाकून रेघ कशी पार करायची ते शिकवलं. आम्ही पोरी ओळीने छात्या पुढे टाकत पळतोय आणि कठड्यावर बसलेली दहावीची मुलं हसतायत. सरांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी मुलांना हाकललं, आम्हाला थांबवलं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना अजून मानते.

उषा माझी हिरो होतीच. पण खरं सांगायचं तर कपाटातल्या उषाकडे बघून मी कधी काही केलं नाही. तिच्यासारखं धावणं म्हणजे दुसऱ्या ग्रहावर जाणं. ताईचं मात्र मी सगळं उचललं. रिबिनी वर बांधणं, पाणी पिताना कळशी तोंडाला न लावता वरून धार सोडणं, जखमेवर हळद न लावता माती चोळणं, ज्यावरून आईचा मार खाल्ला. ती माझ्याहून चारच वर्षांनी मोठी होती. चार वर्षांत आपण तिथे पोचू असं वाटायला लावणारं ते अंतर. मोठ्या हिरोंच्या बाबतीत ते अंतर मोजताच येत नाही, आणि म्हणूनच बहुधा त्यांचे फोटो लावायचे असतात.

तर, रेघ.

सहा जणींच्या बास्केटबॉलबद्दल इथले लोक हल्ली बोलतात ते थोडं खजील होऊन बोलतात. 'बघा, पूर्वी बायकांना अर्ध्या कोर्टात कोंडलं होतं.' ते खोटं नाही. १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला नेस्मिथने हा खेळ काढला आणि पुढच्याच वर्षी तिथून जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन नावाच्या शिक्षिकेने तो मुलींना शिकवायला घेतला. तिने कोर्टाचे तीन भाग केले, चेंडू हिसकावण्यावर बंदी घातली. मुलींना दम लागू नये, खेळ धसमुसळा होऊ नये, कुणी बोट दाखवू नये. त्या काळात मुलींना पळायला मिळावं म्हणून तिला हे सगळं करावं लागलं असणार, असं मी तिच्या बाजूने म्हणते. पण तिची सावधगिरी पुढे कितीतरी वर्षं, तिचं कारण संपल्यावरही, जमिनीवर रंगवलेली राहिली. मुलींचं हृदय अख्ख्या कोर्टाला पुरणार नाही असं मानणारे डॉक्टर गेले, रेघ तिथेच.

आणि तरी, मी खो-खोच्या मैदानातून आलेली बाई आहे. रेघ ओलांडता न येणं म्हणजे कमीपणा, हे मला पटत नाही. खो-खोचं सगळं सौंदर्य त्या मनाईत आहे. पाठलाग करणाऱ्याला वळायची मुभा द्या, पाटी ओलांडू द्या, उरेल काय? नुसती पकडापकडी. आठ जणी उकिडव्या बसल्या आहेत, पाठीवर थाप आणि 'खो' आल्याशिवाय उठायचं नाही, उठल्यावर एकाच दिशेला जायचं, आणि या सगळ्या बंधनांतून विजेसारखी चाल निघते. आजी म्हणतात की गार्डला शॉट मारायचाच नसल्यामुळे तिचे पाय, तिचे हात, तिची नजर एकाच कामात मुरायची. असं अडवणं आताच्या मुलींत दिसत नाही. ते मला तंतोतंत कळतं. फरक एकच, आणि तो लहान नाही. खो-खोची पाटी माझ्या भावालाही ओलांडता यायची नाही. ताई ज्या नियमाने खेळायची त्याच नियमाने मुलांचा संघ खेळायचा. आयोवातली रेघ फक्त मुलींसाठी होती. शेजारच्याच कोर्टावर मुलगे या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते.

आजींना मी हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पण लोक आम्हाला बघायला यायचे. मुलांच्या मॅचला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या."

यावर माझ्याकडे उत्तर नाही. १९२५ मध्ये राज्याच्या शालेय संघटनेने मुलींनी सगळ्यांसमोर स्पर्धा खेळणं बरं नव्हे असं ठरवून हात झटकले, तेव्हा छोट्या गावांतल्या शाळांनी मुलींसाठी वेगळी संघटना काढली. मोठ्या शहरांतल्या शाळांनी मुलींचं बास्केटबॉल सोडून दिलं आणि शेतकऱ्यांच्या पोरींनी ते डोक्यावर घेतलं. जो काळ आपण मागासलेला म्हणतो त्यात हजारोंच्या गर्दीपुढे मुली खेळत होत्या, रेडिओवर त्यांची नावं घेतली जात होती. १९७२ मध्ये टायटल नाइन आला, शाळा-कॉलेजांत मुलींना समान संधी द्या म्हणणारा कायदा. कॉलेजांतून पाच जणींचं, पूर्ण कोर्टाचं बास्केटबॉल वाढायला लागलं, शिष्यवृत्त्या आल्या. आणि आयोवातल्या गार्ड मुलींच्या लक्षात आलं की आपल्याला कॉलेजात कुणी घेणार नाही, कारण आपण आयुष्यात शॉट मारलेला नाही. १९८० च्या दशकात काही मुली न्यायालयात गेल्या. मग शाळांना निवड मिळाली: सहांचा खेळा किंवा पाचांचा. १९९३ मध्ये सहांचा बंदच झाला.

आजींच्या मुलीचं हायस्कूल नेमकं त्या निवडीच्या वर्षांत आलं. गावाने सहांचाच खेळ ठेवला. आजींनी त्यासाठी सभेत हात वर केला होता. मुलगीही गार्डच झाली, आईसारखी, उत्तम. आणि उत्तम गार्ड म्हणूनच तिचा खेळ बारावीला संपला. "ती अजून थँक्सगिव्हिंगला जेवताना मला टोमणा मारते," आजी म्हणाल्या. "मी म्हणते, तुला पाहायला सातशे माणसं यायची. ती म्हणते, त्यातलं एकसुद्धा कॉलेजचं नव्हतं." त्यांना हे सांगताना हसू येत होतं, पण हात मात्र गादीच्या शिवणीतून एक दोरा ओढत होता, ओढतच होता.

बाजू दोघींचीही मला घेता येते. आईची जरा जास्त, हे वयामुळे असेल.

आमच्या ताईचं काय झालं, तर दहावी झाली. आमच्याकडे मुलींच्या खेळात सगळ्यात कडक रेघ तीच होती आणि ती कुणी फक्कीने मारलेली नव्हती. नववीच्या उन्हाळ्यात ती राज्याच्या शिबिराला जाऊन आली, पुढच्या जूनमध्ये तिला क्लास लागले, आणि एका संध्याकाळी मी कळशी भरून ठेवली तर ती आलीच नाही. कुणी काही बोललं नाही. तिच्या जागी दुसरी मुलगी उतरली आणि अर्ध्या मिनिटात बाद झाली. पुढे ऐकलं की लग्न होऊन इचलकरंजीला गेली. अलीकडे मैत्रिणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. मी खाली फुलांचे इमोजी टाकले. दुसरं काय टाकणार? ३.१० मि. संरक्षण?

माझ्या मुलीच्या पिढीला आयोवात हिरोंची वाण नाही. केटलिन क्लार्क याच मातीतली, वेस्ट डी मॉइनची. २२ नंबरची जर्सी इथे अजून दुकानात, चर्चमध्ये, दंतवैद्याच्या रांगेत दिसते. कॉलेजच्या चार वर्षांत तिने ३,९५१ गुण केले, अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात वरच्या विभागात मुलं-मुली सगळ्यांत सर्वाधिक. २०२३ च्या ऑक्टोबरात युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल स्टेडियममध्ये उघड्यावर कोर्ट टाकून मॅच ठेवली तर ५५,६४६ लोक आले. पुढच्या एप्रिलमध्ये मुलींचा राष्ट्रीय अंतिम सामना टीव्हीवर पुरुषांच्या सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. आजींनी यावर एवढंच म्हटलं की आयोवाला हे नवीन नाही, बाकीच्या देशाला आत्ता कळलं. क्लार्कची लहानपणची हिरो माया मूर. क्लार्क लहान असताना वडील तिला मिनेसोटापर्यंत गाडीने घेऊन गेले होते, मूरचा खेळ दाखवायला. मॅचनंतर मूर समोर दिसली तेव्हा फोटो काढायला फोन नव्हता, सहीला पेन नव्हतं, म्हणून क्लार्कने धावत जाऊन तिला मिठी मारली. ही गोष्ट इथल्या प्रत्येक लहान मुलीला माहीत आहे.

पण माझ्या मुलीच्या खोलीत क्लार्कचं पोस्टर आहे आणि केसांना बँड मात्र बारावीतल्या एका मुलीसारखा आहे. तीच ती, डिसेंबरात अख्खं कोर्ट एकटीने पार केलेली. शनिवार-रविवारी ती किराणा दुकानात पिशव्या भरते. आम्ही गेलो की माझी मुलगी मुद्दाम तिच्याच काउंटरची लांब रांग धरते आणि नंबर आला की एक शब्द बोलत नाही. ती मुलगी पिशवीत अंडी सगळ्यात वर ठेवते, 'उद्या प्रॅक्टिसला भेटू' म्हणते, आणि माझी लेक गाडीपर्यंत तरंगत जाते. शॉट मारण्याआधी ती मोठी मुलगी चेंडू एकदा स्वतःभोवती फिरवून तळव्यावर घेते. आमच्या गॅरेजसमोर हल्ली सगळे शॉट तसेच मारले जातात. बहुतेक हुकतात. मी काही म्हणत नाही. रिबिनी वर बांधून मीही कितीदा दहा सेकंदांत बाद झाले आहे.

१९ जानेवारीला, रविवारी, मी आजींना घरी बोलावलं होतं. दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा मुलींचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध नेपाळ. तिथली संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. लॅपटॉप टीव्हीला जोडला. पोहे केले होते. आजींनी हिरवी मिरची शेंग समजून खाल्ली आणि काही झालं नाही असं दाखवत दोन कप चहा प्यायला. मैदान मातीचं नव्हतं, मॅट होती. दिवे, संगीत, कॅमेरे. पण मुली त्याच. कप्तान महाराष्ट्राची, प्रियांका इंगळे. पहिली पाच मिनिटं मला काही समजावता आलं नाही, कारण मी स्वतःच खुर्चीच्या टोकावर होते. मग सांगितलं: ही पळणारी, ही मागची, ही पाटी, हा खांब.

आजींना पाठलाग करणाऱ्यांत रस नव्हता. त्या पळणाऱ्या मुलींकडेच बघत होत्या. एकीने खांबापाशी अंग मागे घेतलं आणि मागची मॅटवर सपशेल आडवी झाली, तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. "गार्ड आहे ही," म्हणाल्या. मी म्हटलं, तसंच काहीसं. "गुण किती मिळाले तिला?" आमच्या वेळी काहीच नाही, मी सांगितलं. पण आता या स्पर्धेत ठरावीक वेळेपेक्षा जास्त टिकलात तर संरक्षण करणाऱ्यांनाही गुण देतात, ड्रीम रन म्हणतात त्याला. मला वाटलं, त्या खूश होतील. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"अडवण्याचेही गुण द्यायला लागले? मग ती गार्ड कसली?"

मी म्हटलं, का नाही द्यायचे, घाम तिचाच गाळलेला आहे. त्या म्हणाल्या, गुण मिळायला लागले की मुली गुणांकडे बघतात, चेंडूकडे बघत नाहीत. इथे चेंडू नाहीच, मी म्हटलं. मुद्दा तो नाही, त्या म्हणाल्या. मग मी आमच्या ताईचे कंस सांगितले, २.४०, ३.१०, २.५५, आणि विचारलं की त्यांचे गुण झाले असते तर ती दहावीनंतरही खेळली नसती कशावरून. त्यांनी त्यांच्या मुलीचं नाव काढलं, मी ऐकून घेतलं नाही, आवाज चढले. माझी मुलगी खोलीतून डोळे चोळत बाहेर आली. काय चाललंय, कोण जिंकतंय? भारत, ७८-४०, संपलीसुद्धा मॅच, ती स्क्रीनकडे बघून स्वतःच म्हणाली. शेवटची पाळी आम्हा दोघींचीही बघायची राहून गेली होती.